दुमडलेला कोपरा

माझ्या हातून चूक होत नाही, असं मी एकतीस वर्षं लोकांना ऐकवत आले. डॉक्टरांना ऐकवलं, औषधवाल्याला ऐकवलं, घरी ताईला तर उठता-बसता ऐकवलं. आता कुणी विचारलं तरी मी गप्प बसते.

मी दवाखान्यात काउंटरवर असते. दोन खोल्या, भिंतीला लागून एक बाक, आठ खुर्च्या, वजनाचा काटा आणि माझ्या पाठीशी छतापर्यंत कार्डांचं कपाट. तीन हजार एकशे चाळीस पेशंट, प्रत्येकाचं एक जाड पिवळं कार्ड, कार्डावर नंबर. डॉक्टर सत्तरीचे. त्यांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नाही. मग आतून हाक येते, "बाई, हे मी काय लिहिलंय?" आणि मी सांगते. पेशंटही मला बाईच म्हणतात. काही जण पाठीमागे दुसरं काहीतरी म्हणतात, तेही मला माहीत आहे.

या कार्डांची एक गोष्ट मात्र फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक होती. कार्डाचा खालचा उजवा कोपरा दुमडलेला असला, तर समजायचं की आजार काय आहे ते घरच्यांना माहीत आहे, पेशंटला नाही. मी कार्ड हातात दिलं की डॉक्टरांचा अंगठा आपसूक त्या कोपऱ्यावर जायचा. दुमड लागली की डॉक्टर हवापाण्याचं बोलायचे, भूक कशी आहे विचारायचे आणि रिपोर्ट हळूच खणात सरकवायचे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. असलं काही लिहून ठेवायचं नसतंच.

अशी बारा कार्डं होती. बारावं माझ्या ताईचं.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दवाखान्यापासून वीस मिनिटांच्या चालीवर तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. कोट आत घेणं, पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, अस्तर लावणं. आम्ही दोघी एकत्र राहतो. मी लग्न केलंच नाही. तिनं केलं, निभावलं आणि नवरा गेल्यावर शिलाई मशीन घेऊन माझ्याकडे आली. जीभ अशी की कात्री लागू नये. मी छप्पन्न वर्षांची झाले तरी मला अजून चिमे म्हणते, तेही भर रस्त्यात.

आठ महिन्यांपूर्वी तिच्या पोटात दुखायला लागलं. मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या आणि रिपोर्टचं पाकीट दवाखान्यात आलं, म्हणजे माझ्याच हातात. जठराचा कॅन्सर, पसरलेला. ऑपरेशनचा उपयोग नाही. वर्ष, फार तर सव्वा वर्ष. मी ते पाकीट घेऊन आत गेले आणि पेशंटच्या खुर्चीत बसले. एवढ्या वर्षांत त्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते.

"सांगायचं का तिला?" डॉक्टरांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं.

विचार करायला मला एक क्षणही लागला नाही. आमच्या आईला हेच झालं होतं. तिला कुणा शहाण्या डॉक्टरनं तोंडावर सांगितलं. आदल्या आठवड्यात आई दोन-दोन पिशव्या उचलून बाजारातून येत होती. त्या संध्याकाळी ती पलंगावर आडवी झाली, भिंतीकडे तोंड केलं, आणि पुन्हा काही आमच्याकडे वळली नाही. जेवण नाही, बोलणं नाही. सतराव्या दिवशी गेली. ते सतरा दिवस आम्ही दोघींनी तिची पाठ बघत काढले. ताईची पाठ मला बघायची नव्हती. डॉक्टरांनी मान हलवली आणि कार्डाचा कोपरा दुमडला.

ताईला सांगितलं, जुना अल्सर आहे, हट्टी आहे, औषधं घेत राहा. ती म्हणाली, "तू म्हणतेस ना, मग झालं." आणि लागली कामाला.

मग ते राष्ट्रीय आरोग्य जाळं आलं. देशातले सगळे दवाखाने एका संगणकाला जोडायचे, म्हणजे माणूस कुठेही कोसळला तरी तिथल्या डॉक्टरला त्याचं सगळं दिसेल. कल्पना वाईट नाही, मी उगाच नावं ठेवणार नाही. पण ती सगळी कार्डं संगणकात भरणार कोण? डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी पाच महिने पाठ मोडेपर्यंत भरली. रोज पंचवीस-तीस कार्डं जायची, जास्त नाही, कारण प्रत्येक कार्ड मी दोनदा वाचायची. 'आजार' या रकान्यात आपल्या मनानं काही लिहायची सोय नव्हती, यादीतून निवडायचं. मी बारा जणांच्या बाबतीत 'पोटाची तक्रार', 'अशक्तपणा' असलं काही घालून बघितलं, तर लाल अक्षरं आली. दुमडलेला कोपरा ठेवायला त्या संगणकात जागाच नव्हती. शेवटी बाराही जणांचे आजार होते तसे भरले. मला वाटलं, बघून बघणार कोण, डॉक्टर लोक. त्यांना खरं कळायलाच हवं.

जोडणीच्या दिवशी सकाळी केंद्राकडून एक मुलगी आली. पाठीवर पिशवी, हातात वायर, वागायला अगदी गोड. मला पहिल्या वाक्यापासून काकू म्हणायला लागली, ते मला आवडलं नाही, पण काम तिला येत होतं. अकराच्या ठोक्याला तिनं बटण दाबलं आणि म्हणाली, "झालं काकू, जोडलात तुम्ही." बाक पेशंटांनी भरलेला होता. मी म्हटलं, चला, सुटले एकदाची.

मिनिटभरात बाकावर बसलेल्या पोस्टमन आजोबांचा फोन वाजला. आजोबा रिटायर होऊन जमाना झाला, पण आलेला मजकूर मोठ्यानं वाचायची सवय काही गेलेली नाही. "'आपली आरोग्य नोंद राष्ट्रीय जाळ्यात जोडली गेली आहे,'" त्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. "'रक्तगट बी. मुख्य आजार, मूळव्याध.' अरे! हे यांना कुणी सांगितलं?"

सगळा बाक हसला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या शिक्षिकाबाईंचा फोन वाजला. मग दाराजवळच्या जाड्या बेकरीवाल्याचा. "फॅटी लिव्हर म्हणे," तो म्हणाला. "फॅट मला दिसतंय हो, लिव्हर कुठे असतं?" लोक पुन्हा हसले. मी हसत होते, आणि हसता हसताच मला ते खटकलं.

"हे काय आहे?" मी त्या मुलीला विचारलं.

"नोंद मिळाल्याचा मेसेज. ज्याची नोंद त्याला कळलीच पाहिजे ना? म्हणजे काही चुकलं असेल तर तो कळवू शकतो. रक्तगट, मुख्य आजार, चालू औषधं, सगळं जातं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. कार्डांच्या नंबरानं जातात, मिनिटाला साधारण दहा. माहितीपुस्तकात पान सोळावर आहे, काकू. वाचलं म्हणून तुम्ही सही केली आहे."

सही केली होती खरी. पानं होती एकशे बारा, मी दहा वाचली होती. पोस्टमन आजोबांचं कार्ड नऊ नंबरचं, शिक्षिकाबाईंचं तेरा, बेकरीवाला वीस. मी आतला पेशंट अर्धवट तपासलेला बाहेर काढला, दार लावून घेतलं आणि डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानातून काढला.

"ते बारा," एवढंच म्हणाले.

मग त्यांनाच आठवलं. "अहो बाई, पण त्यांच्या कार्डांवर फोन नंबर कुणाचे आहेत?"

आणि माझा जीव भांड्यात पडला. कोपरा दुमडला की आम्ही पेशंटचा फोन नंबर खोडून ज्याला माहीत आहे त्याचा लिहायचो. रिपोर्ट आला की फोन चुकीच्या हातात पडू नये म्हणून. मुलगा, सून, बायको, भाऊ. ताईच्या कार्डावर माझा नंबर होता. तरी आम्ही अकराही घरी फोन केले. सगळ्यांचे नंबर बरोबर होते. एका सुनेनं तर मलाच धीर दिला, "काही काळजी करू नका, सासऱ्यांना माझ्या फोनला हात लावायची सोय नाही." डॉक्टर कपाळ पुसत म्हणाले, "बाई, तुमचं काम म्हणजे काम." मी म्हटलं, "माझ्या हातून चूक होत नाही." मग चहा मागवला आणि पेशंट पुन्हा आत सोडायला लागले.

एक वाजून चार मिनिटांनी माझा फोन वाजला. माझं कार्ड बाराशे चाळीस नंबरचं. रक्तगट ए, मुख्य आजार उच्च रक्तदाब, गुडघ्यांची झीज. सगळं बरोबर होतं, भरलं होतं मीच. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'हा फोन क्रमांक केवळ आपल्याच नोंदीशी जोडलेला आहे.'

केवळ आपल्याच.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग सगळं डोळ्यांसमोर आलं. ताईचं कार्ड भरत होते त्या दिवशी मी माझा नंबर टाकला होता, आणि लाल अक्षरं आली होती की हा क्रमांक दुसऱ्या व्यक्तीच्या नावावर आहे. एक नंबर एकाच माणसाचा, असा नियम. बाकी अकरा नातेवाइकांपैकी कुणाचंच आमच्याकडे स्वतःचं कार्ड नव्हतं, त्यामुळे त्यांचे नंबर चालून गेले. माझं कार्ड होतं. मला राग आला होता, डोळे दुखत होते, पुढे ढीग पडला होता. नोंद अपुरी राहू नये म्हणून मी पाठ असलेला ताईचा नंबर टाकला आणि पुढचं कार्ड घेतलं.

ताईचं कार्ड अठराशे चौसष्ट.

"थांबव," मी त्या मुलीला म्हटलं. "आत्ताच्या आत्ता थांबव हे."

तिच्या पडद्यावर एक आकडा पळत होता. बाराशे पंचावन्न, छप्पन्न. "इथून नाही थांबत, काकू. मेसेज केंद्रातून जातात."

"मग एकच नोंद काढ. एका माणसाची. नंबर बदल."

"बदलाचा अर्ज करता येतो. सात दिवस लागतात."

"सात दिवस! डोंबल तुझे सात दिवस! एक तास नाही माझ्याकडे!"

बाकावरचे पेशंट बघायला लागले. मुलगी घाबरली. मग तिनं माझा चेहरा नीट पाहिला आणि हळू आवाजात विचारलं, "कोण आहे?" मी सांगितलं. तिनं लगेच केंद्राला फोन लावला. 'आपण रांगेत सतराव्या क्रमांकावर आहात,' असं तो फोन म्हणाला आणि गाणं लागलं. आतून डॉक्टर स्वतःच्या फोनवरून लावत होते, त्यांना एकवीस नंबर मिळाला. मी ताईला लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मशीन चालू असलं की तिला काही ऐकू येत नाही, हे मला माहीत होतं, तरी प्रत्येक वेळी वाटायचं की मेसेज आधीच गेला, तिनं वाचला, म्हणूनच उचलत नाही.

"तिच्या लेकीला तरी सांगितलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. ती तिकडे परदेशात. फोनवर तिचा आवाज जरा बदलला की ताई ओळखेल."

"मी येतो बरोबर."

"तुम्ही चार पायऱ्या उतरेपर्यंत तीन वाजतील, डॉक्टर. तुम्ही इथे बसा."

जिना उतरताना मागून मुलगी ओरडली, "काकू, दुपारी लाइन मोकळी असते, वेग वाढू शकतो! मी आकडा बघून तुम्हाला फोन करते!"

माझे गुडघे झिजलेले आहेत हे आता देशभर नोंदलेलं आहे. त्या दिवशी मी त्यांच्यावर पळाले. लोक वाटेतून बाजूला होत होते. सिग्नलला एका गाडीवाल्यानं मला शिवी दिली, मीही त्याला दिली. सगळा वेळ डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, ताई पलंगावर आणि तिची पाठ. आईच्या वेळी मी पंचविशीची होते आणि सोबत ताई होती. या वेळी सोबत कोण होतं? मला भीती वाटत होती. उगाच काळजी वाटते तशी नाही, लहानपणी गर्दीत हात सुटल्यावर वाटते तशी. आणि त्या गर्दीतही मला शोधून काढणारी ताईच होती.

दुकान बंद. दारावर पाटी: 'आत्ता येते.'

शेजारचा बूट दुरुस्तीवाला खिळे तोंडात धरून बसला होता. "बँकेत गेल्यात," तो म्हणाला. "मॅनेजरचा कोट द्यायला."

"फोन घेऊन गेली का?"

"आता ते मी काय बघत बसतो काय, बाई?"

बँक कोपऱ्यापलीकडे. तिथे म्हणाले, कोट देऊन आत्ताच गेल्या. मी परत फिरले. फोन वाजला. "काकू, सोळाशे ऐंशी. वेग वाढलाय." मी फोन ठेवला. रस्त्यावर कोट घातलेल्या दोन बायका दिसल्या, दोन्ही वेळा मला ताईच वाटली. बँकेच्या भिंतीला धरून दोन श्वास घेतले आणि पुन्हा निघाले.

दुकानाची पाटी उलटलेली होती. आत ताई. ती दुसऱ्या रस्त्यानं आली होती आणि टेबलावर एक करडा कोट पसरून त्याची शिवण उसवत होती. चष्मा नाकावर, तोंडात दोन टाचण्या. मेसेज वाचलेला दिसत नव्हता. मी दारातच उभी राहिले.

"काय गं?" तिनं टाचण्या काढल्या. "भर कामाच्या वेळी? डॉक्टर गेले की काय?"

"फोन दे तुझा."

"का?"

"माझा बंद पडलाय."

आणि तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. खणखणीत. ताईनं फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काय करणार, उचलला. ती मुलगी रडवेली झाली होती. "काकू, गेला. अठराशे चौसष्ट आत्ताच गेला."

टेबलावर, कोटाच्या बाहीखाली काहीतरी गुरगुरलं. ताईचा हात बाहीकडे गेला. मी झडप घातली. पन्नाशी उलटलेली बाई दुसऱ्या बाईच्या हातावर अशी झडप घालत नाही. टाचण्यांची डबी जमिनीवर सांडली. फोन माझ्या हातात आला. त्यावर तिचं नाव होतं, रक्तगट होता आणि त्याखाली ती ओळ होती, पूर्ण, नीट, यादीतून मीच निवडलेली. मी पुसली. दोनदा दाबावं लागलं. पुसली गेली.

"काय होतं?" ताईनं विचारलं.

"जाहिरात."

"जाहिरात?"

"हो. असल्या येतात हल्ली."

"मग रडतेस कशाला?"

मी गालाला हात लावला. ओला होता. कधीपासून रडत होते कुणास ठाऊक, कदाचित रस्त्यापासूनच. गेल्या आठ महिन्यांत माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असायचं. वजन का कमी होतंय, तर औषधानं. रात्री का दुखतं, तर मसाल्यानं. जेवण का जात नाही, तर वयानं. आता तोंड उघडलं आणि एकही उत्तर सापडेना.

ताईनं कात्री बाजूला ठेवली. दाराची कडी आतून लावली. "अल्सर नाहीये ना?" ती म्हणाली.

मी मान खाली घातली. तीन हजार मेसेज पाठवणाऱ्या संगणकाकडून तिला कळू नये म्हणून धावत आले होते, आणि मीच सगळं तोंडावर घेऊन तिच्यासमोर उभी होते.

"नाव घेऊन सांग."

"ताई, नको ना गं."

"चिमे. नाव घेऊन सांग."

मी सांगितलं. तो शब्द मी आठ महिन्यांत मोठ्यानं उच्चारला नव्हता, डॉक्टरांसमोरही नाही. ती ऐकत उभी होती. "आईसारखं?" म्हणाली. मी हो म्हटलं. "किती दिवस?"

"तेव्हा म्हणाले होते, वर्ष. फार तर सव्वा."

"तेव्हा म्हणजे कधी?"

"आठ महिने झाले."

ती खुर्चीत बसली. तिच्या मागे भिंत होती, रिळांची फळी लावलेली, आणि मी वेड्यासारखी त्या भिंतीकडे बघत होते. आता ही वळणार. आता तोंड फिरवणार. पण ती माझ्याकडेच बघत राहिली. तिनं करडा कोट मांडीवर ओढला, सुई घेतली, दोरा ओवायला गेली. दोरा जाईना. तिनं तीनदा प्रयत्न केला.

"सगळ्या गावाला माहीत होतं?"

"नाही. फक्त डॉक्टरांना आणि मला."

"मी तुला दर वेळी विचारत होते. डॉक्टरांना नाही विचारलं, तुला विचारलं. तू रोज तिथे बसतेस, तुला कळतं, म्हणून."

"तू आईसारखी पडून राहिली असतीस."

"असते. कदाचित." ती सुई पुन्हा उशीत खोचत म्हणाली. "नाहीतर नसते. ते मला बघू द्यायचं होतंस."

बाहेर कुणीतरी दार ठोठावलं, गिऱ्हाईक असावं. आम्ही दोघीही हललो नाही. थोड्या वेळानं पावलं निघून गेली.

"लेकीनं तिकीट काढलं होतं माझं," ताई म्हणाली. "पाच महिन्यांपूर्वी. बाळंतपणाला ये म्हणत होती. मी तुला विचारलं, पोटाचं असं आहे, जाऊ का? काय म्हणालीस तू?"

मी खाली वाकून सांडलेल्या टाचण्या वेचायला लागले.

"काय म्हणालीस, चिमे?"

"पुढच्या वर्षी जा, म्हणाले."

"पुढच्या वर्षी."

"तिकडे तुला काही झालं असतं तर? मी इथे एकटी काय केलं असतं? मला भीती वाटली, ताई. तू इथेच, माझ्याजवळ असायला हवी होतीस मला." हे मी स्वतःशीही कधी बोलले नव्हते. तिच्यासाठी, तिच्यासाठी म्हणत आले होते सारखी.

"बाळ चार महिन्यांचं झालं," ताई म्हणाली. "फोनवर हसतं." मग ती पुढे वाकली आणि माझं मनगट धरलं. बोटं गार पडली होती तिची. आयुष्यभर मला सगळ्यातून सोडवत आलेल्या माझ्या बहिणीच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती बघितली. "आत्ता गेले तर? या आठवड्यात? झेपेल का मला तेवढा प्रवास? खरं सांग."

मागच्या सोमवारचा रिपोर्ट मीच वाचला होता. डॉक्टरांनी त्याखाली काय लिहिलं होतं, तेही मीच त्यांना वाचून दाखवलं होतं.

"नाही, ताई," मी म्हणाले. "आता नाही झेपणार. तेव्हा झेपलं असतं."